अकरा खडे

“…मग हे लिहिलं कुणी?”

“देवानं लिहून घेतलं, माई. मी कोण? मी आपली अडाणी बाई.”

गेर्बामाईसमोर एका लाकडी चौकटीत वासराचं ओलं कातडं ताणून बसवलं होतं. तिनं चाचपून एक खुंटी शोधली आणि अर्धा पीळ दिला. दोरी कुरकुरली.

“कुणी म्हणालीस?”

“देवानं.”

“असं होय…”

तिनं आणखी अर्धा पीळ दिला.

आदालिंदा अवघडली. गुडघ्यांवरची जाडजूड वही तिनं उगाचच सरळ केली.

ती काही साधीसुधी बाई नव्हती. फ्रँकांच्या राज्यात म्यूज नदीच्या अलीकडचा सगळा मुलूख ज्या सरदाराचा, त्याची ती बायको. फाटकाशी तिचा घोडा धरून दोन माणसं उभी होती. पण संन्यासिनींच्या या मठात ती पहिल्यांदा आली तेव्हा जेमतेम आठ वर्षांची होती, आणि याच म्हातारीनं तिचा हात हातात धरून मेणाच्या पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतलं होतं. त्या अक्षरापुढे सरदारीण काय आणि कुणी काय.

तेव्हा माईला दिसत होतं. आता डोळे गेले होते. लिहिणं सुटलं, म्हणून ती दुसऱ्यांना लिहायला कातडी तयार करून द्यायची. त्या काळी तिकडे कागद नव्हता. कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, ताणायचं, खरवडायचं, वाळवायचं, आणि मग कुठे त्यावर शाई चालवायची.

सेंट मार्टिनचा सण कालच झाला होता. हिवाळ्याच्या तोंडावर जनावरं कापायचे दिवस. अंगणात कातड्यांचा ढीग पडला होता. चुन्याच्या वासानं नाक चुरचुरत होतं.

“किती कातडी लागली?” माईनं विचारलं.

“बत्तीस. सगळी वासराची. मेंढीचं एकही नाही, माई.”

हे सांगताना आदालिंदाची मान जराशी वर झाली. मग एकदम आठवल्यासारखी खाली गेली.

“दिवस किती?”

“तेरा महिने.”

“कुणासाठी?”

“…वाल्दोसाठी.”

माईचा खुंटीवरचा हात थांबला.

वाल्दो हा आदालिंदाचा एकुलता एक मुलगा. चौदा वर्षांचा. त्याच्या बापानं राजाविरुद्ध तलवार उचलली, हरला, आणि शरण गेला. पुन्हा उलटणार नाही याची खूण म्हणून राजानं मुलगा मागून घेतला. लढाई सरदार हरला, मुलगा आदालिंदाचा गेला.

दीड वर्ष झालं होतं. त्याच्या पायात लोकरीचे मोजे आहेत की नाहीत, खोकला झाला तर छातीला हंसाची चरबी कोण चोळतं, झोपेत पांघरूण फेकतो ते परत कोण घालतं… काही म्हणता काही कळायला मार्ग नव्हता. जेवायला बसलं की तिला वाटायचं, आत्ता तो जेवला असेल का? आणि मग घास फिरायचा.

उन्हाळ्यात एक घोडेवाला तिकडून आला होता. वाल्दोनं त्याच्या तोंडी निरोप पाठवला होता. आदालिंदानं तो त्याच्याकडून सात वेळा म्हणवून घेतला होता.

“मी बरा आहे. जेवतो. आम्हा मुलांना एक पंडित लिहायला शिकवतो. माझं लिहिणं बघून सगळे हसतात. तुला कुणी शिकवलं, म्हणून विचारतात. मी सांगत नाही.”

मी सांगत नाही.

वाल्दोला अक्षरं तिनं शिकवली होती. मांडीवर घेऊन.

त्या दिवसापासून तिनं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून हातात घेतलं. चार वेळा तपासलं. एक कानाकोपरा सोडला नाही. हे पुस्तक दरबारात कुणीही उघडावं, तो पंडितसुद्धा उघडू दे, बोट ठेवायला जागा सापडता कामा नये.

आता ते तिथे पोचायला हवं होतं. आणि पोचवणारा एकच माणूस होता, बिशपचा लेखनिक फुल्को. तो आज बिशपची पत्रं घेऊन दरबारात निघाला होता. दुपारची घंटा झाली की निघणार. एकदा बर्फ पडायला लागलं की वसंतापर्यंत त्या वाटेनं कुणी जात नाही.

फुल्कोनं तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्या.

पहिली अशी, “बाईमाणसानं लिहायचं तर आधी वाकावं लागतं, सरदारीणबाई. दर प्रकरणाच्या तोंडाशी लिहा, मी अपात्र, मी अडाणी, बायकांत सगळ्यात खालची. अहो, मोठमोठे विद्वानसुद्धा असं लिहितात. रीतच आहे.”

आणि दुसरी, “गेर्बामाईला वाचून दाखवा. पुस्तक लायक आहे असं तिनं म्हटलं तर मी नेईन. हा माझा शब्द.”

म्हणून ती सकाळी सकाळी येऊन बसली होती.

“वाच,” गेर्बामाई म्हणाली.

आदालिंदानं घसा खाकरला. वही उघडली.

“‘मी आदालिंदा, अपात्र, अडाणी, बायकांत सगळ्यात खालची, माझ्या मुला, तुला सांगते…’”

माईनं गुडघ्याजवळच्या लाकडी वाडग्यात हात घातला. त्यात नदीतले गोल खडे होते. कातड्याची कड खड्यावर गुंडाळून मग दोरी बांधतात, नाहीतर ताणताना दोरी कातडं फाडून निघते. माईनं त्यातला एक खडा काढला आणि आदालिंदाच्या मांडीवर ठेवला.

आदालिंदा चमकली. मग तिच्या गालांवर ऊन पडल्यासारखं झालं.

लहानपणी असंच असायचं. बरोबर वाचलं की माई काही बोलायची नाही, नुसता एक अक्रोड पुढे करायची.

तिचा आवाज मोकळा झाला. सकाळी उठल्यावर पायात जोडा घालायच्या आधी कोणती प्रार्थना म्हणायची, ते तिनं वाचलं. राजाच्या पंगतीत ताटाकडे पहिला हात कुणी नेऊ द्यायचा आणि आपण कधी न्यायचा, ते वाचलं.

“पुढचं प्रकरण,” माई म्हणाली. “तोंड वाच, मग थोडं मधलं.”

“‘मी अपात्र, अडाणी, बायकांत सगळ्यात खालची, तुला सांगते, माणूस ओळखायचा असेल तर तो आपल्या घोड्याशी कसा बोलतो ते आधी ऐक…’”

दुसरा खडा.

“हे मी स्वतः बघितलंय हं, माई. आमच्या वाड्यावर येणाऱ्यांत जो घोड्यावर ओरडायचा ना, तोच शेवटी उलटला.”

“पुढे.”

तिसरा. चौथा. भांडण झालं तर रात्र उलटून जाऊ द्यावी. कुणी हसलं तर आधी पाणी प्यावं, मग उत्तर द्यावं. ज्या मित्राला शब्द देतोस, त्याला त्याची आठवण करून द्यायला लावू नकोस. पाचवा. सहावा. सहाव्या खड्याला आदालिंदा अशी वाचत होती की फाटकातली दोन माणसं बोलायची थांबून ऐकत होती. पुस्तकातलं लॅटिन त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, तरी ऐकत होती.

अकराव्या प्रकरणाला अकरावा खडा पडला. पुस्तक संपलं.

आदालिंदानं वही मिटली. अकरा खडे! आठ वर्षांची असताना एका दिवसात पाचच्या वर अक्रोड तिला कधी मिळाले नव्हते.

“ऊठ,” माई म्हणाली.

ती उठायला गेली, तसे खडे घसरायला लागले. तिनं घाईघाईनं झग्याचा घोळ दोन्ही हातांनी धरला आणि ओटी केली.

“वहीसुद्धा घे.”

तिनं वही काखेत दाबली.

“आता फाटकापर्यंत चालत जा. ताठ.”

“काय?”

“ताठ चालत जा. तू सरदारीण ना? एकही खडा पडता कामा नये.”

आदालिंदा चालली. ओटी सावरायची तर वाकावं लागत होतं. काखेतली वही निसटत होती, तिला दाबायचं तर एक खांदा खाली जात होता. चार पावलांवर तिची अवस्था पाणी भरून आणणाऱ्या म्हातारीसारखी झाली. फाटकातली माणसं एकमेकांकडे न बघता घोड्याकडे बघायला लागली.

“ताठ,” मागून आवाज आला.

“अहो, ताठ कशी होणार माई? ओटी भरलीय माझी!”

“कशानं?”

“तुम्हीच दिलेत ना खडे! चांगलं वाचलं म्हणून…”

“चांगलं वाचलं म्हणून?”

माई हसली. दात नव्हते, हसू मात्र सगळ्या तोंडभर पसरलं.

“पहिला कधी दिला गं?”

“पहिल्याच वाक्याला.”

“काय होतं ते वाक्य?”

“‘मी आदालिंदा, अपात्र, अडाणी…’”

आदालिंदा थांबली.

“आणि दुसरा?”

आदालिंदाची नजर ओटीत गेली.

“आणि तिसरा?…”

अंगणात फक्त चुन्याच्या हौदातलं पाणी ठिबकत होतं.

आदालिंदा तशीच वाकलेली परत आली. बाकावर बसली. खडे मांडीवर ओझं होऊन पडले.

“पण माई, ती रीत आहे. सगळे लिहितात. फुल्को म्हणाले, मोठमोठे विद्वान…”

“पोरगा जेवायला कुठे बसतो?”

प्रश्न कुठून कुठे गेला ते तिला कळेना.

“…मेजाच्या टोकाला. ओलीस ठेवलेल्या मुलांना खालच्या टोकाला बसवतात म्हणे.”

“आणि ही वही तो तिथे उघडणार.”

माईनं खुंटी पिळली. दोरी ताणली गेली.

आदालिंदानं एक खडा उचलून हातात धरला. वाल्दो खालच्या टोकाला बसलेला तिला दिसला. आजूबाजूला हसणारी मुलं दिसली. त्यानं वही उघडली. पहिली ओळ. आईच्या हातची.

तिनं डोळे मिटले. तरीही सवय अशी मेली की तोंडातून तेच आलं.

“पण माई, खरंच, माझं त्यात काय आहे? देवानं लिहून घेतलं. मी नुसती…”

“बरं, बरं.” माई म्हणाली. “मग संध्याकाळच्या प्रार्थनेत देवाला सांगीन मी. म्हणावं, नवव्या प्रकरणात तुझी एक चूक झालीय.”

“चूक?”

“हं.”

“नवव्यात?”

“नवव्यात.”

“शक्यच नाही!”

आदालिंदा ताडकन उठली. खडे खळखळ करत फरशीवर सांडले.

“चार वेळा तपासलंय मी ते! चार वेळा! दिव्याच्या काजळीनं डोळे लाल झाले माझे. बोटं बघा, शाई निघत नाही आता, साबणानं घासली, राखेनं घासली. एकेक शब्द मी पारखून घेतलाय, एकेक अक्षर मी…”

“कुणी?”

“मी!”

फाटकातल्या घोड्यानं कान टवकारले.

“मी लिहिलंय ते! देवानं नाही. फुल्कोनं नाही. सरदारांनी तर एक ओळ बघितली नाही. मी लिहिलंय, माई. मी!”

आणि तिनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. हे आपण काय बोललो, ते तिला आत्ता ऐकू आलं.

“देव… देव रागवेल…”

“त्याला दुसरी कामं आहेत.” माईनं कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटं लावून क्रूस केला, कुणी ऐकलं असेल तर असू दे म्हणून. मग कमरेची छोटी सुरी काढली आणि मुठीकडून पुढे धरली.

“घे. खरवड.”

“आता? फुल्को येतील…”

“घंटेला वेळ आहे.”

कातड्यावरची शाई धुतली जात नाही. ती खरवडूनच काढावी लागते, तीही अलगद, नाहीतर भोक पडतं. आदालिंदानं पहिलं पान उघडलं. सुरीचं टोक ‘अपात्र’वर ठेवलं. श्वास धरला.

“श्वास सोड,” माई म्हणाली. “श्वास धरून खरवडलं की हात जड पडतो.”

तिनं श्वास सोडला. शाईचा तपकिरी भुगा निघाला. तिनं तो फुंकला.

अपात्र गेलं. अडाणी गेलं. बायकांत सगळ्यात खालची, तेही गेलं. माईनं खडूच्या भुकटीची पुरचुंडी पुढे सरकवली. खरवडलेल्या जागी ती चोळली नाही तर शाई फुटते, हे तिनं आदालिंदाला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. सांगावं लागलं नाही.

अकरा ठिकाणं झाली. अकरा पांढरे पट्टे.

“इथे काय लिहू, माई?”

“मला काय विचारतेस? ज्यानं पुस्तक लिहिलं त्याला विचार.”

आदालिंदानं पीस शाईत बुडवलं. विचार केला. लोकरीचे मोजे आठवले, हंसाची चरबी आठवली, घोड्यावर ओरडणारा तो दगाबाज आठवला, लाल झालेले डोळे आठवले. तिनं काही ऐकून लिहिलं नव्हतं. सगळं भोगून लिहिलं होतं.

आणि तिनं लिहिलं, ‘हे मला ठाऊक आहे, म्हणून तुला सांगते.’

लॅटिनमध्ये ‘मला’साठी एक लहानसा शब्द आहे. लिहिताना तिनं तो सवयीनं ओठातल्या ओठात म्हटला.

“मिकी…”

माईची बोटं खुंटीवर थांबली. क्षणभरच. मग पुन्हा फिरली.

नवं वाक्य जुन्यापेक्षा आखूड होतं. जागा उरायला लागली. म्हणून तिनं अक्षरं मोठी काढली. तिसऱ्या प्रकरणाला आणखी मोठी. अकराव्यापर्यंत अक्षरं अशी टपोरी झाली होती की मठाच्या दारावर कोरली असती तर शोभली असती.

शाई वाळते न वाळते तोच घंटा झाली, आणि फाटकातून खेचर आत आलं. खेचरावर फुल्को. गोरा, गुबगुबीत, थंडीनं नाक लाल झालेला.

“चला, चला, सरदारीणबाई! आभाळ बघा कसं झालंय. माई, काय तुमचा निकाल?”

“लायक आहे,” माई म्हणाली.

“उत्तम!” फुल्को खाली उतरला. वही घेतली. पहिलं पान उघडलं… आणि त्याच्या भुवया वर गेल्या. दुसरं प्रकरण. तिसरं. तो भराभरा पानं उलटत गेला.

“आणि इथे मी सांगितलेली वाक्यं होती ना? ती नम्रतेची? ती कुठे गेली?”

आदालिंदाला वाटलं, संपलं. आता हा वही परत करणार. वसंतापर्यंत वाल्दो तिथे एकटा, आणि वही इथे.

माई वाकली. फरशीवर हात फिरवत तिनं खडे गोळा केले. एक, दोन, तीन… घाई नव्हती. अकरा झाले तसे तिनं फुल्कोचा हात ओढला, पंजा उघडला आणि खडे त्यात ओतले.

“ही घे. सगळी आहेत.”

“हे काय?”

“तू दिलेलीस ना तिला? तुझी तू ने. तू जाडजूड आहेस, तुला झेपतील.”

फाटकातल्या दोघांना एकदम खोकल्याची उबळ आली.

फुल्को लाल झाला. त्यानं पुन्हा वहीत बघितलं. अकराव्या प्रकरणाचं टपोरं वाक्य त्यानं तोंडातल्या तोंडात वाचलं. मध्येच एका शब्दावर तो अडला. आदालिंदाकडे बघितलं, माईकडे बघितलं, आणि दाढीत बारीकसं हसला.

पण त्यानं शब्द दिला होता. त्यानं वही मेणकापडात गुंडाळली आणि खोगिराच्या पिशवीत घातली. खडे कुठे टाकावेत ते त्याला सुचेना, म्हणून तेही पिशवीत घातले.

“आणि हे मोजे,” आदालिंदा धावली. “आणि ही बरणी. हंसाची चरबी आहे. त्याला सांगा, छातीला चोळायची, पाठीला नाही. आणि गरम करून. आणि पांघरूण…”

“मी बिशपचा लेखनिक आहे, सरदारीणबाई. दाई नाही.”

तरी त्यानं बरणी घेतली.

खेचर फाटकाबाहेर पडलं. आदालिंदा बघत राहिली. आज सकाळपासून पहिल्यांदा ती ताठ उभी होती. पाठीचा कणा कसा एकेक मणका जागेवर बसल्यासारखा. दरबारात पहिल्या प्रकरणाचं पहिलंच वाक्य वाल्दो वाचेल. हे मला ठाऊक आहे. आईला ठाऊक आहे. मग मान खाली कशाला घालेल तो?

पण काहीतरी सलत होतं.

“माई… फुल्को हसले का?”

“हसला का? मला कसं दिसणार?”

“दाढीत हसले. एका शब्दावर अडले आणि हसले.”

“हं. अडलेला ऐकला मी.”

आदालिंदा वळली. म्हातारी खाली मान घालून कातड्यावरून अंगठा फिरवत होती.

“माई, ते नवव्या प्रकरणाचं… ते तुम्ही मला चिडवायला म्हणालात ना?”

माईचा अंगठा फिरतच राहिला.

“चूक नव्हती ना?”

“होती.”

“…कोणती?”

“‘मिकी.’”

“‘मिकी’? ‘मिकी’ म्हणजे ‘मला’. बरोबरच तर आहे!”

“आपल्या मठात बरोबर आहे. बाकी जगात ‘मिही’ लिहितात, ‘मिही’ म्हणतात. मला ते वयाची साठी उलटल्यावर कळलं. एक पाहुणी आली होती रोमहून, ती हसली.”

आदालिंदाला काही वेळ नीट दिसेना. मांडीवरचा वाल्दो आठवला. इवलीशी बोटं मेणात कोरत होती… मि… की… आणि ती म्हणत होती, शाबास रे माझ्या राजा.

“म्हणून… म्हणून हसतात त्याला?”

“असेल.”

“आणि मी आत्ता… अकरा ठिकाणी… एवढ्या मोठ्या अक्षरात… माई! तुम्ही ऐकत होतात! सांगितलं का नाही?”

माईनं मान वळवली. कान बाहेर लावला. नदीवरच्या लाकडी पुलावर खेचराच्या टापा वाजत होत्या. टक… टक… टक…

“अजून पुलावर आहे,” ती म्हणाली. “हाक मार. थांबेल तो.”

आदालिंदा धावत फाटकापर्यंत गेली. पूल समोर होता. खेचर मध्यावर पोचलं होतं. तिनं तोंडाशी हात नेले, छातीत श्वास भरला…

टक… टक…

वाल्दो वही उघडेल. हे मला ठाऊक आहे. तो ‘मला’वर थांबेल. ज्या शब्दावर सगळे हसतात, तोच शब्द. त्याच्यासारखाच लिहिलेला. पानोपानी. आणि अक्षर कुणाचं, ते त्याला अंधारातसुद्धा कळलं असतं.

टक…

मग पूल संपला, आणि मातीच्या रस्त्यावर टापांचा आवाज येईना.

तिनं भरलेला श्वास सोडून दिला. हात खाली आणले. परत आली, चौकटीच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि समोरची सैल खुंटी धरून पीळ दिला.

“हाक मारली नाहीस,” माई म्हणाली.

“नाही.”

“का गं?”

“विचारतात ना त्याला… तुला कुणी शिकवलं म्हणून…”

तिनं खुंटीला आणखी एक पीळ दिला. तिची मान वर होती, आणि या खेपेला ती खाली गेली नाही.

गेर्बामाईनं आपल्या बाजूची खुंटी पिळली. दोघींच्या मधलं कातडं ढोलकीसारखं ताणलं गेलं. म्हातारीनं त्यावर एक टिचकी मारली, नाद ऐकला, आणि म्हणाली,

“मी तुला शिकवलं, तू त्याला शिकवलंस… आता दरबाराला शिकू दे.”